पाण्याची चव की झाकणाची?

पाण्याला रंग नसतो, वास नसतो आणि चवही नसते, हे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेलं असतं. परीक्षेत लिहून मार्कही मिळवलेले असतात. पण कोकणात राहणाऱ्या माणसाला हे वाक्य मनातून कधी पटलेलं नसतं. आमच्याकडे उन्हातून आलेल्या पाहुण्यासमोर गूळ आणि पाण्याचा तांब्या ठेवायचा आणि त्याने दोन घोट घेऊन ‘पाणी गोड आहे हो तुमच्याकडचं’ असं म्हणायचं, ही जुनी रीत. वाडीतल्या कुठल्या विहिरीचं पाणी गोड, समुद्राकडच्या कुठल्या विहिरीचं मचूळ, कुठल्या पाण्यात डाळ शिजायला वेळ लागतो, हे म्हाताऱ्या बायका न चुकता सांगत. जांभ्यात खोदलेल्या एखाद्या विहिरीच्या पाण्याला किंचित लोखंडी चव असते, तीही त्यांच्या जिभेला ठाऊक असे.

तेव्हा पाण्याला चव असते, यात वाद नाही. त्यात विरघळलेले क्षार, लोह आणि हवा मिळून ती ठरते. पाणी उकळलं की त्यातली हवा निघून जाते आणि ते सपक लागतं. तेच पाणी दोन-चार वेळा या भांड्यातून त्या भांड्यात ओतलं की पुन्हा जिवंत होतं. पण अलीकडे घरोघरी जी तक्रार ऐकू येते ती या चवीची नाही. ‘पाण्याला कसलासा वास येतोय’, ही ती तक्रार. मग आपण नगरपालिकेला नावं ठेवतो, गच्चीवरच्या टाकीवर संशय घेतो, फिल्टरवाल्याला फोन करतो. मूल तक्रार करत असेल तर त्याला ‘नखरे करू नकोस’ म्हणून गप्प करतो. हातातल्या बाटलीकडे मात्र कोणाचं लक्ष जात नाही. माझं म्हणणं असं, की घरातल्या पेल्यातलं पाणी चांगलं लागत असेल आणि बाटलीतलं लागत नसेल, तर शोध बाटलीच्या झाकणापासून सुरू करावा. बहुतेक वेळा तो तिथेच संपतो.

ही बाब क्षुल्लक वाटेल. बाटलीच्या वासावर रविवारी सकाळी एवढं काय लिहायचं, असंही कोणी म्हणेल. पण मी बरीच वर्षं रत्नागिरीत प्राथमिक शाळेत शिकवलं आहे आणि या वासाचे परिणाम रोज डोळ्यांनी पाहिले आहेत. शाळा सुटायची घंटा झाली की चार-पाच मुलं हळूच नळाजवळच्या जास्वंदीकडे जात आणि बाटल्या मुळाशी रिकाम्या करत. घरी भरलेली बाटली दिसली तर आई रागावणार, म्हणून ही तजवीज. आई बिचारी रिकामी बाटली पाहून समाधानी! पाणी का प्यायलं नाही असं विचारलं, की उत्तर एकच असे: ‘बाई, वास येतो.’ त्या बाटल्यांची झाकणं मी उघडून पाहत असे. वास यायचाच.

सकाळी घरून निघालेलं मूल दुपारपर्यंत दोन घोटांवर राहिलं, तर आपल्या हवेत ते परवडणारं नाही. रत्नागिरीत पारा विदर्भासारखा चढत नाही, पण दमट हवेत घामाच्या धारा लागतात आणि तो घाम लवकर वाळतही नाही. पाणी कमी पडलं की डोकं दुखतं, पोट साफ होत नाही, लघवीला जळजळ होते, वर्गात लक्ष लागत नाही. केरळमधल्या काही शाळांनी २०१९ साली मुलांना पाणी पिण्याची आठवण म्हणून वेगळी घंटा सुरू केली आणि पुढे इतर राज्यांतही तिचं अनुकरण झालं. कल्पना उत्तम आहे. पण घंटा वाजल्यावर जी बाटली तोंडाला लावायची, ती वास मारत असेल तर घंटेचा काय उपयोग?

आपल्या आजी-आजोबांना हा प्रश्न पडला नव्हता, कारण त्यांच्याजवळ फिरकीचा तांब्या होता. पितळेचा, जाड, आट्यांच्या झाकणाचा. प्रवासाला निघताना पिशवीत शिदोरी आणि हातात हा तांब्या. त्याला रबराची चकती नसे, नळी नसे, टोपणावर दाबायचा खटका नसे. तोंड असं की घासणारीची बोटं सहज आत जात. रोज राखेने आणि काथ्याने घासून तो उन्हात पालथा पडत असे. त्याचीही खोड होती. आट्यांमध्ये हिरवा थर जमायचा आणि तो चिंच लावून काढावा लागायचा. शिवाय ताक किंवा सरबत त्यात भरायचं नाही, हे घरातल्या पोरांनाही माहीत असे. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेला आंबट चालत नाही, हे शहाणपण त्या काळी स्वयंपाकघरात मुरलेलं होतं.

पुढे प्लास्टिक आलं. गळ्यात अडकवायच्या रंगीत बाटल्या आल्या, मग विकतच्या पाण्याच्या बाटल्या पुन्हापुन्हा भरून वापरायची सवय लागली. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि घरोघरी प्लास्टिकबद्दल बोलणं सुरू झालं. आता पुष्कळांच्या हातात स्टीलच्या बाटल्या दिसतात. बदल चांगलाच आहे. पण स्टीलची बाटली घेतली म्हणजे वास गेला, असं नाही. कारण स्टीलच्या बाटलीलाही झाकण प्लास्टिकचंच असतं आणि झाकणात सिलिकॉनची गोल चकती असते. चहा, सरबत, साबण, सगळ्यांचे वास ती चकती धरून ठेवते.

वासाचा माग

झाकण बदलण्याआधी किंवा नगरपालिकेला अर्ज लिहिण्याआधी एक साधी परीक्षा घरी करून बघा. दोन काचेचे पेले स्वच्छ धुऊन घ्या. एकात थेट नळाचं किंवा विहिरीचं पाणी, दुसऱ्यात फिल्टरचं किंवा उकळून गार केलेलं. दोन्हींवर स्टीलच्या वाट्या झाका. मग एकाच जातीच्या दोन बाटल्या घ्या. त्यांत तेच दुसऱ्या पेल्यातलं पाणी भरा. एकीला तिचं झाकण घट्ट लावा आणि दुसरीवर नुसती वाटी उपडी ठेवा. चार-पाच तासांनी चारही पाणी आधी हुंगा. पिण्याजोगं निर्धोक पाणी असेल तेच चाखा. नळाचं कच्चं पाणी नुसतं हुंगलं तरी पुरे.

पहिल्या पेल्यालाच वास असेल तर दोष पाण्यात किंवा टाकीत. पहिला चांगला आणि दुसऱ्याला वास, तर फिल्टर किंवा उकळायचं भांडं बघा. दोन्ही पेले चांगले आणि दोन्ही बाटल्यांना वास, तर दोष बाटलीच्या पोटात. आणि वाटी झाकलेली बाटली चांगली पण झाकण लावलेली वास मारते, असं झालं तर चोर सापडला. या परीक्षेला खर्च काही नाही. मुलांना हाताशी घेतलं तर त्यांना विज्ञानाचा एक धडाही मिळतो.

वासाची जातही बरंच सांगून जाते. औषधी, झोंबणारा वास आला तर तो बहुधा क्लोरीनचा. शहरात शीळ धरणाचं पाणी नळाला येतं ते क्लोरीन मिसळूनच, आणि पावसाळ्यात गावोगावच्या विहिरींत टीसीएल पावडर टाकली जाते. हा वास आवडत नसला तरी तो आपल्या संरक्षणाचा आहे. नळाच्या टोकाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं, असं आपलं भारतीय मानक सांगतं. पाणी रुंद तोंडाच्या झाकल्या पातेल्यात रात्रभर ठेवलं की वास बराच उतरतो. मात्र क्लोरीनचं पाणी ताज्या रबरी किंवा हलक्या प्लास्टिकच्या संगतीत राहिलं तर काही वेळा दवाखान्यासारखी कडवट चव येते. प्लास्टिक-रबरातली फिनॉल जातीची द्रव्यं आणि क्लोरीन यांच्या संयोगाने ती तयार होते आणि अगदी अल्प प्रमाणातही जिभेला कळते. पेल्यातलं पाणी चांगलं आणि बाटलीतलं औषधी, असं झालं तर ती बाटली बदलणंच बरं.

दुसरा वास मातकट. पहिल्या पावसात आपल्या लाल मातीतून जो सुवास येतो, त्यामागे जिओस्मिन नावाचं एक द्रव्य असतं. मातीतले काही जिवाणू आणि साठलेल्या पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ ते तयार करतात. १९६५ साली त्याला हे नाव मिळालं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थच मातीचा वास. माणसाचं नाक त्याबाबतीत इतकं तीक्ष्ण, की एका लिटर पाण्यात ग्रॅमचे काही अब्जांश असले तरी कळतं. जूनमध्ये अंगणात जो वास हवासा वाटतो, तोच पेल्यात नकोसा होतो! धरणाची पातळी खाली गेली की असा वास पाण्याला येऊ शकतो आणि तेवढ्याने पाणी घातक ठरत नाही. पण पेल्यात नसलेला मातकट, कुबट वास बाटलीत असेल, तर ओल्या झाकणात बुरशी आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर वाढला आहे असं समजावं. बोट फिरवून बघा, लागेल.

तिसरी लोखंडी चव. पाण्यात लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त लोह असेल तर चव आणि कपड्यांवर पिवळट डाग दोन्ही दिसू लागतात. ती जांभ्याची देणगी. पण नव्याकोऱ्या स्टीलच्या बाटलीला धातूची चव आली तर ती बहुधा कारखान्यातल्या पॉलिशच्या तेलाची असते आणि दोन-तीनदा गरम पाण्याने, साबणाने धुतली की जाते. नाहीच गेली तर आत बॅटरीच्या उजेडात जोडाच्या रेषेवर गंज दिसतो का ते पाहा. दिसला तर बाटली पाण्याच्या कामातून बाद.

घेताना झाकण बघा

राम आळीत किंवा जत्रेत बाटली घ्यायला गेलो की आपण रंग बघतो, मुलं चित्र बघतात आणि दुकानदार ‘बारा तास गार राहील’ हे सांगतो. यापुढे आधी झाकण मागावं. त्याचे किती तुकडे होतात? चकती बोटाने निघते का? नळी असेल तर ती दोन्ही टोकांनी सुटून तिच्यात बारीक ब्रश जातो का? जे सुटत नाही ते धुता येत नाही, आणि जे धुता येत नाही ते आज ना उद्या वास मारणार. दुसरं, तोंड. लहान मुलाच्या बाटलीत आईचा हात निदान बोटांच्या पेरांपर्यंत जायला हवा. तेवढं नसेल तर ब्रश तरी तळाच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचायला हवा. तिसरं, नाक. दुकानातच झाकण उघडून हुंगा. नव्या बाटलीला तीव्र रसायनाचा वास असेल तर तो घरी येऊन जाईल, या आशेवर पैसे देऊ नका.

स्टील घ्यायचं तर ‘३०४’ किंवा ‘१८/८’ असा छाप असतो; म्हणजे सुमारे अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल. त्याहून हलक्या जातीत निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, आणि ती लवकर डागाळते. काही दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात, पण हलक्या जातीलाही चुंबक बहुधा चिकटत नाही, तेव्हा ती परीक्षा पुरी नव्हे. केंद्र सरकारने २०२३ साली तांबं, स्टील आणि ॲल्युमिनियमच्या पाण्याच्या बाटल्यांना मानक चिन्ह सक्तीचं करणारा आदेश काढला. म्हणून आयएसआयची खूण शोधावी.

प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात एक आकडा असतो. ‘१’ म्हणजे विकतच्या पाण्याची पातळ बाटली. ती फार दिवस वापरण्यासाठी केलेली नसते. गरम पाण्याने ती आकसते, म्हणून नीट धुताही येत नाही आणि उन्हात गाडीत राहिली की पाण्याला गोडसर प्लास्टिकची चव येते. ‘२’ आणि ‘५’ या जाती पुन्हा वापरायला बऱ्या. काच चवीच्या बाबतीत सर्वांत निर्मळ. घरातल्या टेबलावर, ऑफिसात ती ठेवावी, दप्तरात नको. तांब्याची बाटली नुसत्या पाण्यासाठीच वापरावी. कोकम सरबत, लिंबूपाणी, ताक तिच्यात कधीही भरू नये, कारण आंबटाने तांबं पाण्यात उतरतं आणि मळमळ, उलटी होऊ शकते. आपल्या भागातल्या काही विहिरींचं पाणीही किंचित आम्लधर्मी असतं, म्हणून तांब्याच्या बाटलीत पाणी दिवसचे दिवस ठेवू नये.

धुण्याची रीत

रोजचं काम दोन मिनिटांचं. बाटली घरी आली की उरलेलं पाणी झाडाला घाला, कोमट पाणी आणि थोडा साबण घालून ब्रशने तळ आणि गळा घासा, झाकणाच्या आट्या जुन्या टूथब्रशने घासा, आणि साबण पूर्ण जाईपर्यंत विसळा. पुष्कळदा जो ‘वास’ म्हणतात तो साबणाच्या लिंबाचाच असतो! ज्या घासणीने बांगड्याचं कालवण केलेलं पातेलं घासलं, तिने बाटली घासू नये. बाटलीची घासणी वेगळी असावी. फ्रीजमध्येही झाकण सैल असलेली प्लास्टिकची बाटली मासळी किंवा फणसाच्या गऱ्यांशेजारी ठेवली, तर पाणी त्यांच्या गुणांनी न्हाऊन निघतं.

आठवड्यातून एकदा चकती काढायची. चमच्याच्या दांड्याने ती अलगद निघते. सिलिकॉनची असेल तर पातेल्यात दहा मिनिटं उकळा. बाटलीत लिटरला दोन चहाचे चमचे खाण्याचा सोडा आणि कोमट पाणी घालून झाकण न लावता रात्रभर ठेवा. सकाळी घासून विसळा. सोडा खाण्याचा, धुण्याचा नव्हे. आत पांढरट क्षार धरले असतील तर दुसऱ्या दिवशी एक भाग व्हिनेगर आणि चार भाग पाणी घालून अर्धा तास ठेवावं, किंवा लिंबू वापरावं. हे फक्त स्टील आणि काचेसाठी. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून झाकण लावू नका. वायू साठून झाकण उडतं, आणि दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात ते वेगळंच. ब्लीचिंगचं पाणी स्टीलमध्ये ठेवू नये, स्टीलला बारीक खड्डे पडतात. ब्लीचिंग आणि व्हिनेगर तर कधीच एकत्र आणू नयेत. त्यातून विषारी वायू निघतो. ब्रश पोहोचत नसेल तर मूठभर तांदूळ आणि थोडं पाणी घालून बाटली जोरात हलवावी. दुहेरी भिंतीची थर्मास जातीची बाटली मात्र गॅसवर किंवा उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवू नये. चकती उकळूनही वास राहिला तर चकतीच बदलावी. सगळी बाटली टाकायची गरज नाही.

आता खरी अडचण, पावसाळा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपडे वाळत नाहीत, तिथे झाकणाच्या आट्या कुठून वाळणार? ओल राहिली की धुतलेल्या बाटलीलाही दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो. यावर उपाय दोन बाटल्यांचा. एक शाळेत, दुसरी घरी तिरकी पालथी, झाकण वेगळं, चकती वेगळी. रात्री झाकणाच्या आत स्वच्छ कोरड्या फडक्याचं टोक फिरवून ती फ्रीजच्या मागच्या उबदार बाजूला किंवा पंख्याखाली ठेवली की सकाळपर्यंत कोरडी होते. बंद झाकणाने ओली बाटली कपाटात ठेवणं, हे दर वर्षी शाळा सुरू होताना येणाऱ्या वासाचं मूळ कारण आहे. मे महिन्याच्या सुट्टीत बाटली ठेवून देताना झाकण उघडंच ठेवावं.

आणखी एक सांगायचं आहे, ते आईबापांना. मुलाच्या नाकावर विश्वास ठेवा. मोठ्या माणसाला वासाची सवय होते, चहा-तंबाखूने जीभ बोथट होते. मुलांचं तसं नसतं. मूल ‘वास येतो’ म्हणालं की रागावण्याआधी झाकण हुंगावं. पाण्यात सरबत मिसळून, पुदिना घालून वास झाकू नये. झाकलेला वास आत वाढतच राहतो आणि गोड पाण्यावर तो जास्तच पोसतो.

आज रविवार आहे. घरातल्या सगळ्या बाटल्या एकदा ओट्यावर मांडा, झाकणं उघडा, चकत्या काढा आणि एकेक नाकाशी न्या. काम अर्ध्या तासाचं आहे. उद्या सकाळी दप्तरात जी बाटली जाईल, ती संध्याकाळी खरोखरच पिऊन रिकामी होऊन यावी, एवढ्यासाठी हा अर्धा तास फार नाही.